सर्वानुमते

कारकुनानं लिहिलेलं कुणी वाचत नाही, असा एक गोड गैरसमज कारकुनांमध्येच असतो. मीही तो बरीच वर्षं जपला. शाहूपुरीतल्या एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत मी उभा जन्म टेबल झिजवलं. पत्रं, टिपण्या, ठराव, इतिवृत्तं किती लिहिली ते देवाला माहीत. लोक मला ड्राफ्टिंगमधला पक्का माणूस म्हणायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्या सगळ्या ढिगात एक शब्द असा आहे की तो मी लिहिला नसता, तर एका माणसाची शेवटची बारा वर्षं वेगळी गेली असती. तो माणूस म्हणजे मला लिहायला शिकवणारे आमचे सर.

सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास मी उचगावहून सायकलनं कॉलेजला यायचो. घरी शेती, गोठ्यात दोन म्हशी. वडिलांना सही येत होती, पण सहीपलीकडं अक्षराशी त्यांचा संबंध नव्हता. त्यामुळं घरातला पहिला शिकलेला म्हणून माझ्या अंगात भलतीच मिजास होती. माझं लिहिणं म्हणजे नुसता फुलोरा. कॉलेजच्या ग्रंथपालांना मी एक अर्ज लिहिला होता, 'वरील विषयास अनुसरून आपणांस सविनय विनंती करण्यात येते की' अशा थाटाचा. दीड पान झाला होता. एका मित्रानं तो सरांना दाखवला. सरांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "तुला नक्की पाहिजे काय?"

"पुस्तक आणखी आठ दिवस ठेवायचं आहे."

"मग एवढंच लिही की. ते तुझ्या दीड पानात शेवटून दुसऱ्या ओळीत सापडलं मला."

मला राग आला. पण पुढच्या रविवारी मी त्यांच्या दारात हजर होतो.

सर हायस्कुलातून निवृत्त झालेले. शाहूपुरीत लाकडाच्या वखारीमागं दोन खोल्यांत ते आणि काकू राहायचे, मूलबाळ नव्हतं. रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण जमायचो. लिहायला कागद शेजारच्या छापखान्यातले, एका बाजूनं बिघडलेली हँडबिलं. माझा पहिला धड अर्ज ज्या कागदावर उतरला त्याच्या मागं कुस्त्यांच्या जंगी मैदानाची जाहिरात होती. सर म्हणायचे, कागद फुकट असला की माणूस खोडायला भीत नाही.

त्यांची एक रीत मी पुढं कुठंच बघितली नाही. आपण लिहिलेलं आपण वाचायचं नाही. ते दुसऱ्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काकूंना वाचून दाखवायचं. काकूंचं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्या मेथी निवडत असायच्या, नाहीतर भाकरी थापत असायच्या. वाचून झालं की त्यांनी आपल्याला काय कळलं ते सांगायचं. त्या सांगतील तेवढंच तुम्ही लिहिलेलं, बाकीचं रद्दी. लिहिणाऱ्यानं मधे तोंड उघडायचं नाही. एकदा मी "तसं नाही काकू, मला म्हणायचं होतं" असं सुरू केलं, तर सर बाहेरून ओरडले, "तू काय प्रत्येक वाचणाऱ्याच्या घरी समजावून सांगायला जाणार आहेस?"

आमच्या गावात विहिरीवरून भांडण झालं होतं. आपण बघितलेली एक घटना लिहून आणायला सरांनी सांगितलं, तेव्हा मी तेच लिहिलं. विहिरीच्या पाण्यावरून वाद उद्भवून इंजिनाची नासधूस करण्यात आली, वगैरे. काकूंनी पिठाचा हात तसाच ठेवून ऐकलं आणि म्हणाल्या, "व्हय, पर इंजान फोडलं कुणी? आनि ह्यो तितं हुता का न्हवता?"

सर हसता हसता खोकले. मी चपला शोधायला लागलो. कारण इंजिन माझ्या चुलत्यानं फोडलं होतं, आणि मी तिथं होतो. दुसरे सगळे गेल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, "बातमीत माणूस दिसत नसला की समजावं, कुणीतरी त्याला लपवलंय. लपवायचा असेल तर लपव. पण आपण लपवतोय, हे आपल्याला तरी कळू दे." चुलत्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्गात एक मुलगी होती. मंगळवार पेठेतून चालत यायची. वडील कचेरीत नोकरीला, घर शिकलेलं. तिचं लिहिणं मला तेव्हा कोरडं वाटायचं. आधी काय झालं ते, मग कोण काय म्हणालं ते, आणि स्वतःचं मत सगळ्यांत शेवटी, तेही वेगळ्या ओळीवर. माझ्यासारखा फुलोरा नाही, की म्हणी नाहीत. पण तिचा कागद वाचून झाला की काकू तो जसाच्या तसा सांगायच्या, एकदा तर तिच्याच शब्दांत. सर शाबासकी कधी देत नसत. तो कागद घडी करून पंचांगात ठेवायचे, एवढंच. माझा कागद पंचांगात कधी गेला नाही, आणि याचं मला फार वाईट वाटायचं. आमचं एकमेकांशी बोलणं बेताचं, अहो-जाहोतलं.

पुढं सर त्या शिक्षण संस्थेच्या कार्यकारी समितीवर आले. त्यांच्या शब्दावर मला कचेरीत घेतलं, तिला संस्थेच्या मुलींच्या शाळेत. दोघंही सरांचे विद्यार्थी, दोघंही तात्पुरते.

समितीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम होतं. बैठकीत पेन्सिलीनं कच्चं टिपण घ्यायचं आणि दोन दिवसांत प्रोसिडिंग बुकात शाईनं पक्कं उतरवायचं. पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवलं की चेअरमन सही करणार. काम शिकायचं म्हणून मी जुनी बुकं काढून बसलो. लाल कापडी बांधणीच्या त्या वह्यांमध्ये वर्षानुवर्षांचा एकूण एक ठराव सर्वानुमते झालेला. मी चकित झालो. एवढं एकमत आमच्या भावकीत लग्नाच्या पंगतीतसुद्धा होत नाही! आणि मग पहिल्याच बैठकीला बसलो तर दोन सदस्य एकमेकांच्या अंगावर धावून गेले, एकाची चहाची बशी फुटली. हेडक्लार्क माझ्या कानात म्हणाले, "सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते, असं ल्ही. भांडान हॉलात, ठराव वहीत. झाकली मूठ सव्वालाखाची."

ही गंमत मी सरांना सांगितली. मला वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "कोण विरोधात होतं, हे कळायला त्या वहीशिवाय दुसरी जागा नाही रे. माणसं विसरतात. मरतात. तू तसं करू नकोस."

मी "नाही सर" म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

त्या वर्षी शाळेची तपासणी निघाली. प्रत्येक वर्गशिक्षिकेनं एक फॉर्म भरून द्यायचा होता: पटावर मुली किती, प्रत्यक्ष येतात किती. पटावर अनुदान मिळायचं, आणि त्या पटाचं गुपित सगळ्या गावाला ठाऊक होतं. पटावरच्या निम्म्या मुलींची लग्नं होऊन त्या सासरी नांदत होत्या, काहींच्या नावांची मुलगी कधी नव्हतीच. मुख्याध्यापिकाबाईंनी प्रत्येकीला काय भरायचं ते तोंडी सांगून ठेवलं होतं. बाकी सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणं भरलं. तिनं आपल्या वर्गात खरंच किती मुली येतात ते लिहिलं, आणि खाली दोन ओळींत पटावरच्या कुठल्या मुली कधीपासून आलेल्या नाहीत तेही लिहिलं. स्वच्छ, तिच्या नेहमीच्या पद्धतीनं. फॉर्म सरळ तपासनिसांच्या हातात गेला.

व्हायचं ते झालं. महिन्याभरात समितीची बैठक बोलावली. विषय, तिची तात्पुरती सेवा पुढं चालू न ठेवणे. कारण लिहायचं होतं 'कामकाज असमाधानकारक'. चेअरमन टेबलावर हात आपटून म्हणाले, "घरचा भेदी म्हंत्यात त्यो ह्यो. उद्या आनी एक उटल, परवा तिसरी. बोला, कुनाचं काय म्हननं हाय?"

समितीच्या बैठकीत कुणी उभं राहून बोलत नसे. सर उभे राहिले. ते तीन वाक्यं बोलले आणि ती मला आजही पाठ आहेत. "या बाईंनी जे लिहिलं ते खरं आहे. खरं लिहिलं म्हणून कुणाची नोकरी घालवणं मला मान्य नाही. माझा विरोध माझ्या नावानिशी नोंदवावा." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं. मी पेन्सिलीनं जसंच्या तसं टिपलं. मग बाकीचे हात वर झाले, ठराव झाला, चहा आला.

दोन दिवसांनी मी पक्कं इतिवृत्त लिहायला बसलो. कच्चं टिपण डाव्या हाताला होतं. मला फार वाटतं की कुणीतरी माझ्यावर दबाव आणला, धमकावलं, असं काही सांगता यावं. कुणी काही केलं नाही. हेडक्लार्क एकदा मागून डोकावले आणि "अक्षार मातूर झ्याक हाय" म्हणून निघून गेले. मी लिहीत गेलो. उपस्थित सदस्यांची नावं, त्यात तिसरं सरांचं. विषय. मग 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते ठरले की'. हात सवयीनं पुढं गेला. टीपकागद दाबताना माझ्या लक्षात आलं.

तेव्हा दुरुस्त करता आलं असतं. एक शब्द खोडायचा, समासात सही करायची, खाली सरांची तीन वाक्यं लिहायची. पण बुकात खाडाखोड वाईट दिसते. चेअरमन चिडले असते. आणि पुढच्या बैठकीत मला नोकरीत कायम करण्याचा विषय होता. ही तिन्ही कारणं खरी आहेत. त्यातलं कुठलं मोठं होतं ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही, आणि आता विचारायची गरज उरलेली नाही.

सेवा संपल्याच्या पत्रासोबत ठरावाची नक्कल तिला गेली. टाइप मीच केली.

पुढच्या बैठकीत मी इतिवृत्त वाचून दाखवलं. त्या ठरावाशी आलो तेव्हा माझा आवाज बारीक झाला असावा. सर म्हणाले, "यात माझा विरोध आलेला नाही."

चेअरमन त्या दिवशी खुशीत होते. "असंल तर घालू की सर, त्यात काय? काय ओ क्लार्क, कच्च्यात हाय का तसं?"

कच्चं टिपण माझ्या मांडीवरच्या फायलीत होतं. बोटाखाली होतं म्हणा ना. मी म्हणालो, "कच्च्या टिपणात तसं दिसत नाही, साहेब."

सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं. घरातल्या पोराच्या अंगात ताप आहे की काय हे बघताना माणूस जसं बघतो, तसं ते बघत होते. टेबलाभोवतीच्या बाकीच्या सदस्यांनी महिन्याभरापूर्वी त्यांचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. सर म्हणाले, "असू दे. पुढचा विषय घ्या."

पुढं दोन-तीन विषयांनंतर माझा विषय आला. मला कायम करावं, असा ठराव. सगळे हात वर झाले. सरांचाही झाला. तो ठराव मात्र खरोखरच सर्वानुमते होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना ते पेन्सिलीचं पान मी बंबात घातलं. पुढच्या महिन्यात सरांचा राजीनामा आला. एका ओळीचा. 'मी आजपासून समितीचे सदस्यत्व सोडत आहे.' कारण दिलं नव्हतं. संस्थेतर्फे त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभाराचं पत्र मी लिहिलं, चांगलं भरघोस. रविवारचा वर्गही त्यांनी बंद केला. विचारलं की म्हणायचे, डोळ्यांना झेपत नाही आता.

तिचं लग्न झालं, ती पेठ वडगावला गेली आणि तिथल्या एका शाळेत लागली असं कळलं. मला वाटलं, चला, तिचं मार्गी लागलं. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

एकदा मी सरांना एस.टी. स्टँडवर पोहोचवायला गेलो होतो, त्यांना मिरजेला जायचं होतं. वडगावच्या गाडीच्या रांगेत ती उभी होती, कडेवर लहान मूल. सरांनी ओळखलं आणि केवढ्या आनंदानं तिला नावानं हाक मारली. तिनं वळून बघितलं. चांगलं बघितलं, ओळखलं नाही असं नव्हतं. मग ती मान फिरवून गाडीत चढली. सरांचा हात अर्धवट वर तसाच राहिला. तो खाली घेत ते मला म्हणाले, "घाईत असेल. कडेवर मूल आहे." ती माझ्याकडं पाठ फिरवती तर मी सहन केलं असतं. तिनं फिरवली सरांकडं, जे एकटेच तिच्यासाठी उभे राहिले होते. तिला गेलेल्या ठरावाच्या नकलेत मात्र सरांचं नाव तिची नोकरी घालवणाऱ्यांत होतं, आणि खऱ्याची जी एकच नोंद होती ती बंबात जळली होती.

त्याच दिवशी, तिथंच, तिची गाडी सुटायच्या आत मी खिडकीपाशी जाऊन सांगू शकलो असतो. मी सरांची पिशवी धरून उभा राहिलो.

त्यानंतर किती वर्षं गेली! दर दसऱ्याला मी सोनं द्यायला सरांकडं जायचो. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. सर माझ्या पोरांची चौकशी करायचे, कचेरीत नवीन काय चाललंय विचारायचे. त्या बैठकीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मी मनातल्या मनात म्हणायचो, ते विसरले असतील. इकडं कचेरीत माझं नाव होत होतं. हाताखालच्या नव्या कारकुनांना मी सांगायचो, वाक्य लहान ठेवा, पहिला परिच्छेद लिहून झाला की खोडून बघा, बहुतेक वेळा तो नकोच असतो. कुणी काय केलं ते नावासकट लिहा. आणि विरोध झाला तर तो नोंदवलाच पाहिजे, याबाबत मी फार कडक होतो. चोराच्या मनात चांदणं. पोरं म्हणायची, साहेब तत्त्वाचे आहेत.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सर अंथरुणाला खिळले. मी शेवटचा गेलो तेव्हा मला वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगितलं. कुठल्यातरी योजनेची बातमी होती. दोन वाक्यं ऐकून म्हणाले, "पुन्हा वाच. कोण देणार आणि कुणाला देणार?" मी पुन्हा वाचलं. त्यात ते नव्हतंच. आम्ही दोघंही हसलो. मग ते डोळे मिटून पडून राहिले आणि मला वाटलं, आता. खोलीत कुणी नव्हतं. मी "सर" म्हणालो. त्यांनी डोळे उघडले. "बोल," म्हणाले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायलो आणि कप ठेवून उठलो. काकूंवर ढकलण्यात अर्थ नाही. त्या पुन्हा आत गेल्या होत्या.

आठ दिवसांनी सर गेले.

तेराव्याला घर भरलं होतं. रविवारच्या वर्गातले जुने सगळे जण आले होते, एक तर नागपूरहून आला होता. पंगती उठल्यावर काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "समदी आली बग. ती तेवडी न्हाय आली. असं काय झालतं रं तिचं आनि ह्यांचं? मी कितींदा इचारलं, कवा सांगितलं न्हाय त्येनी."

मी काकूंना त्याच वेळी सगळं सांगितलं. काकू ऐकत राहिल्या. पूर्वी ऐकायच्या तशाच, मधे न बोलता. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? तिला सांग जा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पेठ वडगावची गाडी धरली. तिचं घर बाजारपेठेच्या मागं होतं. मिस्टरांचं पेंडीचं आणि बियाण्याचं दुकान पुढं, घर मागं. त्यांना मी सांगितलं की कोल्हापूरहून आलोय, बाईंचा जुना वर्गबंधू. त्यांनी मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि ते दुकानात गेले. ती बाहेर आली. पस्तिशीतच केस पिकायला लागले होते. मला तिनं लगेच ओळखलं आणि दारालाच उभी राहिली.

मी म्हणालो, "सर गेले."

"वाचलं पेपरात."

मी म्हणालो, "सरांनी तुमच्या ठरावाला विरोध केला होता. उभं राहून, एकट्यानं. नावानिशी नोंदवा म्हणाले होते. मी ते लिहिलं नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी दुरुस्ती मागितली तेव्हा मी खोटं बोललो. मला कायम व्हायचं होतं. कच्चं टिपण मी जाळलं." आयुष्यात एवढं सरळ मी कधी बोललो नव्हतो. गाडीत बसून वाक्यं जुळवली होती.

बाहेर दुकानात कुणीतरी पेंडीचा भाव विचारत होतं, तिचे मिस्टर सांगत होते. मला वाटलं, ही आता मला हाकलून देईल. तेही मी गाडीतच ठरवून ठेवलं होतं, काही बोलायचं नाही, ऐकून घ्यायचं.

मग ती म्हणाली, "ठराव हातात पडला त्याच दिवशी मी सरांकडं गेले होते. त्यांना दाखवला. म्हटलं, सर, हे काय? ते म्हणाले, मी विरोध केला होता. मी म्हटलं, मग इथं का नाही? ते बराच वेळ त्या कागदाकडं बघत होते."

"मग?"

"मी तुमचं नाव घेतलं. म्हटलं, लिहिणारा तर आपल्याच वर्गातला. त्यानं मुद्दाम गाळलं का? तर म्हणाले, छे, तो तसं करणार नाही. माझंच सांगणं नीट झालं नसेल. त्याला कळलं नसेल."

मी खाली बघत होतो.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "सरांचं सांगणं आणि समोरच्याला कळलं नाही, हे मला कसं पटावं? म्हणून मला वाटलं, हे खोटं बोलतायत. हात यांनीही वर केला असणार आणि आता शब्दांत लपतायत. मी तसं त्यांना तोंडावर बोलून आले. काय काय बोलले मी त्यांना त्या दिवशी. काकू बाजारात गेल्या होत्या. ते सगळं ऐकून घेत होते, आणि शेवटपर्यंत एवढंच म्हणत राहिले, माझंच चुकलं असेल सांगताना."

ती वळून आत गेली. मला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. मी बसून राहिलो. आतून काही आवाज आला नाही, रडण्याचाही नाही. भिंतीवरच्या घड्याळात वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. मग दुकानातून तिचे मिस्टर आत गेले, थोड्या वेळानं बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. भला माणूस होता. आवाज खाली घेऊन म्हणाले, "पावणं, पाच-इसाची कोल्हापूर गाडी हाय, ती धरा. त्या काय आता भाईर याच्या न्हाईत."